खांदेकरी

रविवारी अकराला पत्रा तापतो
आणि पाळक सोनोने नेमके तेव्हाच
नावांच्या याद्या वाचायला घेतात.
अमक्याचा पुत्र तमका, तमक्याचा फलाणा,
हा दारावर, तो झांजांवर, हा तेलाच्या कोठीवर.
बाया पदराने वारा घेतात.
माझ्या पेटीचा कोमल गंधार मेलेला;
त्याच्यावर बोट ठेवून बसते मी,
झोपल्या लेकराच्या पाठीवर ठेवावं तसं.

मागच्या भिंतीला नथानियलमामा.
जिनिंगात नथू. एकतीस वर्षं रुईच्या गाठी.
उजव्या खांद्यावर घट्टा, पेरूएवढा,
तिथे सदरा आधी विरतो.
पोळ्यानंतर कारंज्याच्या जिनिंगात रबरी पट्टा आला,
तो न थकता, न थुंकता गाठी नेतो,
आणि मामाला उपासनेला यायला सवड झाली.
आमेन झालं की माझी पेटी उचलून
तो कपाटात ठेवतो. कुणी सांगितलं नव्हतं.

"थांबा, पाळकसायेब."
आमच्यात प्रवचन कुणी थांबवत नाही.
"मांगं तुमी वाचलं होतं,
देवाची पेटी उचलून नेत होते काही लोकं.
थेच काय हे?"

"तेच." पाळकांनी चष्मा काढला.
"वाळवंटात, चाळीस वर्षं.
दुसऱ्यांना बैलगाड्या मिळाल्या, तंबूचे पडदे, खांब वाहायला.
यांना गाडी नाही.
यांचं ओझं पवित्र, म्हणून खांद्यावरच."
"आन् मंग?"
"मग पेटीला कायमची जागा झाली.
राजा म्हणाला, आता तुम्हाला काही उचलायचं नाही.
तुम्ही गा."

पत्रा तडतडला.
"मजुरी तेच?" मामाने विचारलं.
सगळे हसले, पाळकसुद्धा.
मामा हसला नव्हता.

मी शाळेत पोरांना सांगते
गाणं कुठून आलं ते:
मेंढक्याच्या बोरूतून,
एडक्याच्या शिंगात मारलेल्या फुंकीतून,
समुद्र ओलांडून आलेल्या बायांच्या डफातून,
ओल्या पायांनी, धाप लागलेली असताना.
पोरं वहीत शिंग काढतात. ते बहुतेक बैलाचंच होतं.

संध्याकाळी मामा ओट्यावर बसला,
बिडी न पेटवता.
"गाठ उचलताना दम कोंडला, का मानूस मरते.
म्हनून आवाज सोडा लागते.
चौघायचं पाऊल एक पडलं पायजे.
एक म्हनते, तिघं झेलते.
थे गानं नाई बाई, थे दम हाये.
गानं मांगून होते."
मग अडाणच्या पुलाकडे बघत राहिला.
"त्या लोकायले शिकवा लागलं नसन, बाप्पा."

पुढच्या रविवारी दारात तिघे उभे:
रज्जाक, किसना आणि लंगडा हिरामण.
थकलेल्या हिशेबासाठी वाशीमला जायचं होतं,
मामाला न्यायला आलेले.
चपला काढून उंबऱ्याबाहेरच थांबले.
आत दुसरं कडवं चाललेलं.
मामाने चाल सोडली.
होऽऽ, म्हणाला तो,
पोटाच्या खालून, बेंबीच्याही खालून,
आणि दारातल्या तिघांनी
ते झेललं.
त्यांना कुठे ठाऊक होतं हे देवाचं आहे;
त्यांचे गुडघे नुसते किंचित वाकले.

शब्द तेच होते आमच्या गीताचे,
पण आता त्यांना वजन होतं,
उतरवून ठेवावं लागेल असं.
माझी पेटी कधी थांबली, कळलं नाही.
म्हाताऱ्या हन्नाबाई उभ्या राहिल्या, पाळक उभे राहिले,
हिरामणने चौकटीला धरलं.
मामा उजवीकडे कललेला,
जसा तो गेली एकतीस वर्षं कललेला आहे.

आमेन झालं.
लोक बाहेर पडले, चपला शोधू लागले,
रज्जाक म्हणाला, गाडी सुटेल, नथू.
पेटी चटईवर तशीच होती.
मी मामाकडे पाहिलं.
तो बसून राहिला,
दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून.
मग मीच उचलली ती.
जड होती.
दोन पावलांवर माझ्या तोंडून
हलकेच काहीतरी निघालं.